तळघरातील फ्लोअर ड्रेनमधून पाणी वर येते : व्हॉल्व्ह बसवावा की पाइप दुरुस्त करावा?

मोगरा_इलिनॉय (प्रश्न)

नमस्कार. शिकागोच्या उत्तरेकडील एका जुन्या उपनगरात आमचे १९५४ साली बांधलेले विटांचे घर आहे. तळघराचा अर्धा भाग आधीच्या मालकांनी राहण्याजोगा करून घेतला असून तेथे शौचालय आणि लहानसे न्हाणीघर आहे. उरलेल्या अर्ध्या भागात फर्नेस, पाणी तापवण्याची टाकी, वॉशिंग मशीन आणि या सगळ्यांच्या मधोमध जमिनीत बसवलेले, बिडाची जाळी असलेले फ्लोअर ड्रेन आहे. नऊ वर्षे त्या जाळीकडे आम्ही ढुंकूनही पाहिले नव्हते. या वर्षी मात्र तिने दोनदा आमची झोप उडवली.

पहिल्यांदा जुलैमध्ये, रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला तेव्हा. दोनच्या सुमारास खाली गेलो तर जाळीतून काळपट पाणी शांतपणे वर येत होते आणि सुमारे दोन इंच साचले होते. पाऊस थांबल्यावर तीनेक तासांत ते आपोआप उतरले, मागे चिखलाचा पातळ थर आणि न सांगण्याजोगा वास ठेवून.

दुसऱ्यांदा गणपतीच्या दुसऱ्या दिवशी. त्याआधी आठवडाभर पावसाचा थेंब नव्हता. घरात पस्तीस माणसे जेवली, भांडी निघाली, स्नानगृहे सतत चालू होती, आणि संध्याकाळी मी पाहुण्यांच्या चादरी मशीनला लावल्या. मशीनने पाणी सोडले आणि पाच मिनिटांत जाळीभोवती साबणाचा फेस उभा राहिला. त्या फेसात भाताची शिते आणि कोथिंबिरीची पाने तरंगत होती.

बोलावलेल्या प्लंबरने तळघरातील झाकण उघडून केबल मशीन फिरवले. केबलच्या टोकाला बारीक मुळांचा झुपका निघाला आणि पाणी उतरले. जाताना त्याने सांगितले की शहराच्या गटाराचे पाणी उलटे येऊ नये म्हणून बॅकवॉटर व्हॉल्व्ह बसवून घ्या, म्हणजे प्रश्न कायमचा सुटेल. त्याने सांगितलेली रक्कम आमच्यासाठी लहान नाही. व्हॉल्व्ह बसवल्यावर खरोखर दोन्ही त्रास थांबतील का, आणि हे पाणी विम्यात बसते का, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. यजमानांचे मत आहे की ड्रेनला रबरी बूच मारून मोकळे व्हावे.

पाना_पक्कड

ताई, सर्वप्रथम यजमानांना बूच मारण्यापासून थांबवा. त्याचे कारण पुढे सांगतो. मी इलिनॉयमध्ये बरीच वर्षे घरांची तपासणी करण्याचे काम करतो, आणि आपल्या प्रश्नातच निम्मे उत्तर आहे असे मला वाटते. आपल्याला एक नव्हे, दोन वेगवेगळे आजार झाले आहेत. केवळ दोन्हींचे लक्षण एकाच जाळीत दिसले.

फ्लोअर ड्रेन हे घरातील सर्वांत खालचे उघडे तोंड असते. वाहिनी कोठेही अडली, मग ती आपल्या अंगणात असो वा रस्त्याखाली, पाणी जेथे सर्वांत आधी मोकळे तोंड मिळेल तेथून बाहेर येते. म्हणून जाळीतून पाणी आले एवढ्यावरून दोष जाळीत आहे असे ठरत नाही. ते कधी आले आणि कसले आले, हे पाहावे लागते.

जुलैमधले पाणी पावसाबरोबर आले, घरात कोणी नळ सोडलेला नसताना आले आणि पावसाबरोबर गेले. शिकागो आणि कुक काउंटीतील इतर अनेक नगरपालिकांच्या जुन्या भागांत मैलापाणी आणि पावसाचे पाणी एकाच वाहिनीतून जाते. मुसळधार पावसात ती वाहिनी काठोकाठ भरते आणि तिच्यातील पातळी आपल्या तळघराच्या जमिनीपेक्षा वर गेली की पाणी आपल्याकडे येते. यात कोणतीही तुंबणी असण्याची गरज नाही. पावसात वाहिन्यांतून ओसंडणारे पाणी साठवण्यासाठीच्या येथील डीप टनेल प्रकल्पात १९७५ पासून १०९ मैलांचे बोगदे खोदले गेले, २०१५ मध्ये थॉर्नटनचा जलाशय आणि २०१७ मध्ये मॅकूकच्या जलाशयाचा पहिला टप्पा सुरू झाला, आणि त्यामुळे नदीत मैलापाणी सोडण्याचे प्रसंग खूप कमी झाले. पण बोगद्यापर्यंत पाणी पोहोचवणारी आपल्या गल्लीतील वाहिनी जुन्या मापाचीच असेल तर तासाभराच्या ढगफुटीत तिच्यावर ताण येणारच. शेजाऱ्यांना विचारा. त्याच रात्री दोन-तीन घरांत पाणी आले असेल तर हे निदान पक्के समजा.

गणपतीतले पाणी पूर्णपणे आपले स्वतःचे होते. साबणाचा फेस आणि भाताची शिते शहराच्या गटारातून येत नाहीत. ते घरातून निघाले, वाटेत अडले आणि परत फिरले. येथे थोडा हिशेब करण्याजोगा आहे. चार इंची पाइपमध्ये एका फुटाला सुमारे पाऊण गॅलनपेक्षा थोडे कमी, म्हणजे जवळपास अडीच लिटर पाणी मावते, आणि सहा इंची पाइपमध्ये साडेपाच लिटर. आपल्या काळातील घरांत साधारणपणे भिंतीपर्यंत चार इंची बिडाचा आणि बाहेर सहा इंची खापरी पाइप असतो. अडथळा घरापासून तीस-पस्तीस फुटांवर असेल तर मधला पाइपच शंभर लिटरहून अधिक पाणी पोटात ठेवतो. अडथळ्यातून पाणी झिरपत राहते, म्हणून एरवी एका माणसाच्या अंघोळीचे पाणी कुरकुर न करता निघून जाते आणि आपल्याला काही कळत नाही. पस्तीस माणसांच्या दिवशी पाइप आधीच भरलेला असतो. त्यावर मशीनने पंपाच्या जोरावर साठ-सत्तर लिटर दोन मिनिटांत ओतले की त्याला वर येण्यावाचून मार्ग उरत नाही. वॉशिंग मशीन हा या रोगाचा सर्वांत चांगला तपासनीस आहे, असे मी नेहमी म्हणतो.

आता व्हॉल्व्हविषयी. बॅकवॉटर व्हॉल्व्ह म्हणजे एकाच दिशेने उघडणारी झडप. ती जुलैचे पाणी अडवील. गणपतीचे पाणी मात्र अडवणार नाही, कारण मुळे झडपेच्या पलीकडे, रस्त्याच्या बाजूला आहेत आणि पाणी झडपेच्या अलीकडे घरातच तयार होते. उलट मुळांनी वाहिनी अर्धवट अडलेली असताना त्यात झडप बसवली तर कागद आणि चरबी झडपेच्या बिजागरीवर अडकून ती धड उघडणार नाही आणि धड मिटणारही नाही. म्हणून आधी कॅमेरा, मग पाइपची दुरुस्ती, आणि त्यानंतर व्हॉल्व्ह, हा क्रम बदलू नये. केबल फिरवल्यानंतर कॅमेरा न घालता जो मोठ्या कामाची किंमत सांगतो, त्याच्याकडून दुसरे मत घेतल्याशिवाय सही करू नका.

बूच का नको, तेही सांगतो. ड्रेनला घट्ट बूच मारले की गटारातील पाण्याचा दाब जमिनीखालच्या जुन्या पाइपवर आणि सांध्यांवर येतो. चार फूट उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस फुटाला अडीचशे पौंडांच्या आसपास होतो. सांधे फुटले तर तेच पाणी काँक्रीटखाली पसरते, आणि आपल्याकडे तळघरात शौचालय असल्यामुळे ते तेथून किंवा शॉवरच्या जाळीतून बाहेर येईलच. जुन्या घरांत ड्रेनमध्ये तीन फुटी उभा पाइप बसवण्याची पद्धत होती. तळघरात दुसरे कोणतेही तोंड नसेल आणि पाणी कमी चढत असेल तर तो गरिबाचा उपाय म्हणून चालतो, आपल्याकडे नाही.

निवृत्त_अभियंता

वरील प्रतिसाद अतिशय नेमका आहे. मी महाराष्ट्रातील एका महानगरपालिकेच्या मलनिःसारण विभागात नोकरी केली आणि सध्या न्यू जर्सीत मुलीकडे असतो, त्यामुळे दोन्हीकडची पद्धत पाहण्याचा योग आला. त्यात एक भर घालावीशी वाटते.

आपल्याकडे बंगल्याच्या आवारात प्रत्येक वळणावर आणि प्रत्येक जोडणीवर चेंबर असते. तुंबले की कोणीतरी पहारीने झाकण उचलतो, पाहतो की हे चेंबर भरलेले आहे आणि पुढचे कोरडे आहे, आणि दोष या दोहोंच्या मध्ये आहे हे कॅमेऱ्याशिवाय ठरते. बांबूच्या कामट्या घालून तो मोकळाही होतो. येथे थंडीमुळे वाहिनी खोल असते आणि घरापासून रस्त्यापर्यंत मधे एकही चेंबर नसते. तळघरातले एक झाकण आणि रस्त्यातले मॅनहोल, एवढ्यावर सारा संसार. त्यामुळे कॅमेरा ही येथे चैन नसून चेंबरची जागा घेणारी गोष्ट आहे. खोदकाम करण्याची वेळ आलीच तर घराच्या भिंतीबाहेर जमिनीच्या पातळीपर्यंत येणारे एक क्लीनआउट, म्हणजे केबल घालण्यासाठीचे झाकण असलेले तोंड, अवश्य बसवून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी घाण केबल दिवाणखान्यातून तळघरात न्यावी लागणार नाही.

खापरी पाइपचे तुकडे दोन-तीन फुटांचे असत. आम्ही त्यांना एसडब्ल्यू (स्टोनवेअर) पाइप म्हणत असू. पाइप स्वतः शंभर वर्षे टिकतो, त्याला आम्ल खात नाही. त्याची दुखरी जागा म्हणजे सांधा. सांध्यात ताग आणि सिमेंट भरलेले असे. ते सिमेंट तडकले की आतली ओल बाहेर जाते आणि झाडाचे केसासारखे मूळ त्या ओलीच्या वासाने आत शिरते. आत पाणी, खत आणि हवा असल्यामुळे त्या एका केसाची वर्षभरात शेपटी होते. केबलने ती कापणे म्हणजे मेंदीचे कुंपण कातरण्यासारखे आहे. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती अधिक दाट होऊन येते.

उताराकडेही लक्ष द्यावे. वाहिनीतील पाण्याचा वेग सेकंदाला किमान ०.६ मीटर राहिला पाहिजे, म्हणजे गाळ बसत नाही, हे सूत्र आम्हाला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात घोकून घ्यावे लागे. येथील बऱ्याच नियमांनुसार चार इंची पाइपला फुटामागे किमान एक अष्टमांश इंच उतार लागतो. घराच्या पायाभोवती भरलेली माती वर्षानुवर्षे दबत जाते आणि भिंतीबाहेरच्या पहिल्या काही फुटांत पाइपला पोट येते. त्या पोटात पाणी कायम साचून राहते. आपल्या घरांत फोडणीचे तेल, तूप, कणकेचे पाणी आणि मिक्सरमधले उरलेसुरले सिंकमधल्या यंत्रातून दळून सोडले जाते. ते गरम असताना पातळ असते आणि थंड पाइपच्या पोटात पोहोचले की साबणाबरोबर घट्ट होऊन बसते. कॅमेरा घालणाऱ्याला पाणी सोडायला सांगा आणि पाण्याखाली कॅमेरा किती फूट बुडालेला राहतो ते मोजायला लावा. मुळे तर कोणीही दाखवतो. पोट मात्र विचारल्याशिवाय दाखवत नाहीत.

टोरांटोकर

८ जुलै २०१३ चा पाऊस येथील कोणीही विसरलेले नाही. टोरांटोच्या विमानतळावर १२६ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि तोही बराचसा काही तासांत. आमच्या गल्लीतील जवळजवळ प्रत्येक तळघरात पाणी आले, आमच्याही. त्यानंतर आम्ही बॅकवॉटर व्हॉल्व्ह बसवून घेतला. शहराच्या अनुदान योजनेतून काही पैसे परतही मिळाले. आमच्याकडे जो प्रकार बसवतात त्यातील झडप एरवी उघडी पडलेली असते आणि उलटे पाणी आल्यावर दोन्ही बाजूंच्या तरंगणाऱ्या हवाबंद तुकड्यांमुळे वर उचलली जाऊन मिटते. वर पारदर्शक झाकण असल्यामुळे आत काय चालले आहे ते दिसते.

पण खरी गंमत पुढे आहे, आणि ती सांगण्यासाठीच लिहितो आहे. दोन वर्षांनी पुन्हा जोराचा पाऊस झाला. आम्ही निश्चिंत होतो. आईने नेहमीप्रमाणे रात्री भांड्यांचे मशीन लावले, मुलीने वर अंघोळ केली, आणि अर्ध्या तासात तळघरात पाणी आले. झडप अगदी चोख काम करत होती! ती मिटलेली असताना शहराचे पाणी आत येऊ शकत नव्हते, तसेच आमचे पाणीही बाहेर जाऊ शकत नव्हते. आम्ही स्वतःच्या तळघरात स्वतः पाणी सोडले. ज्यांनी व्हॉल्व्ह बसवला त्यांनी हे आम्हाला सांगितले नव्हते असे मी म्हणणार नाही. बहुधा कागदावर बारीक अक्षरात लिहिले होते. तेव्हापासून झाकणातून झडप वर दिसली की घरात सगळ्यांना सांगितले जाते की आता नळ, फ्लश, मशीन सर्व बंद. शिवाय वर्षातून दोनदा झाकण काढून आतला कागद आणि केस हातमोजे घालून काढावे लागतात. हे काम माझे आहे, आणि त्याविषयी घरात कोणतीही स्पर्धा नाही.

ताई, अजून एक पाहा. आपल्या छपराच्या पन्हळींचे पाइप कोठे जातात? ते जमिनीत शिरत असतील तर झडप मिटल्यावर छपरावरचे सारे पाणी झडपेच्या अलीकडे, म्हणजे आपल्या घरात येईल. हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला तर सहाशे गॅलनांहून अधिक पाणी होते. टोरांटोने हे पाइप गटारापासून तोडणे सक्तीचे केले, ते उगीच नव्हे.

मोगरा_इलिनॉय

सर्वांचे मनापासून आभार. काका, आपले मेंदीच्या कुंपणाचे उदाहरण यजमानांना लगेच पटले, कारण ते कुंपण कातरण्याचे काम त्यांच्याकडे आहे. शेजारी चौकशी केली. जुलैच्या त्या रात्री समोरच्या दोन्ही घरांत पाणी आले होते, गणपतीच्या दिवशी कोणाकडेही नाही. पन्हळीचे तीन पाइप हिरवळीवर सुटतात, मागच्या बाजूचा चौथा मात्र एका खापरी तोंडात शिरतो. तो कोठे जातो हे आम्हाला ठाऊक नाही. कॅमेऱ्याची वेळ पुढच्या मंगळवारी ठरली आहे. तोवर दोन प्रश्न आहेत. न खोदता पाइपच्या आत नवा पाइप तयार करतात असे ऐकले, ते विश्वासार्ह आहे का? आणि विम्याचे काय? भिजलेला गालिचा आम्ही वाळवून ठेवला आहे, तो वापरावा का?

पाना_पक्कड

गालिचा आजच टाकून द्या. मैलापाणी लागलेला गालिचा, त्याखालचा फोम आणि भिंतीचा भिजलेला ड्रायवॉल (जिप्समचे तक्ते) वाळवून शुद्ध होत नाही. ओल राहिली तर एक-दोन दिवसांत बुरशी धरते. भिंतीच्या तळाचे हे तक्ते पाण्याच्या रेषेच्या वर फूटभर कापून आतले लाकूड उघडे ठेवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय बंद करू नका. जमीन धुताना ब्लीच वापराल तर त्यात अमोनिया असलेले दुसरे कोणतेही द्रव मिसळू नका. पुन्हा पाणी आले आणि ते फर्नेसपर्यंत किंवा विजेच्या सॉकेटपर्यंत चढले, तर त्यात पाऊल टाकू नका.

विम्याविषयी: घराच्या नेहमीच्या पॉलिसीत गटाराचे उलटे पाणी सहसा वगळलेले असते आणि त्यासाठी वेगळी जोड घ्यावी लागते. ती पॉलिसीच्या पहिल्या पानावरील यादीत आहे का ते पाहा. नसेल तर या वेळचे पैसे मिळणार नाहीत, पण जोड घेणे फार महाग नसते. ती असली तरी अंगणातील पाइपची दुरुस्ती त्यात धरलेली असेलच असे नाही. ती सहसा निराळी बाब असते.

आतून अस्तर घालण्याची पद्धत विश्वासार्ह आहे. १९७१ मध्ये लंडनमध्ये ती पहिल्यांदा वापरली गेली. राळेत भिजवलेली नमद्याची पिशवी हवेच्या किंवा पाण्याच्या दाबाने उलटी करत पाइपमध्ये सारतात आणि गरम पाण्याने, वाफेने किंवा अतिनील प्रकाशाने ती कडक करतात. सांधे नाहीसे झाल्यामुळे मुळांना वाट उरत नाही. पण अस्तर पाइपच्या आकाराला चिकटून बसते. पाइपला पोट असेल तर अस्तरालाही पोट येते, आणि पाइप चेपला असेल तर अस्तर आत शिरतच नाही. काकांनी पोट मोजायला सांगितले ते त्यासाठी फार महत्त्वाचे आहे. दुसरी पद्धत म्हणजे जुना पाइप आतून फोडत त्यामागून नवा प्लॅस्टिकचा पाइप ओढून नेणे. दोन्ही टोकांना खड्डे लागतात, मधली हिरवळ वाचते, पण तीही पोट पूर्णपणे सरळ करत नाही. पोटाला खोदकामाशिवाय औषध नाही.

चौथ्या पन्हळीच्या तोंडात बागेची नळी सोडून हिरवा रंग टाका आणि कॅमेरा आत असताना तो रंग दिसतो का ते पाहा. दहा मिनिटांचे काम आहे. आणि चित्रफितीची प्रत मागून घ्या. ती आपल्या पैशाने काढलेली आहे.

मोगरा_इलिनॉय

काम पूर्ण व्हायला दीड महिना लागला, म्हणून उशिरा लिहिते आहे.

मंगळवारी कॅमेरा घातला तेव्हा आम्ही दोघेही खाली उभे होतो. भिंतीपर्यंतचा अकरा फूट बिडाचा पाइप आतून खरखरीत, गंजाच्या पापुद्र्यांनी भरलेला, पण शाबूत होता. बाराव्या फुटाला, भिंतीच्या लगेच बाहेर, जेथे बीड संपते आणि खापरी पाइप सुरू होतो तेथे खापरी पाइप खाली खचला होता, आणि तेथून सोळाव्या फुटापर्यंत कॅमेरा पाण्याखालून गेला. पडद्यावर अचानक सगळे करडे, गढूळ झाले आणि वर पांढऱ्या चरबीची साय तरंगताना दिसली. मी काही बोलले नाही. यजमानांनी शांतपणे फक्त इतकेच म्हटले की हे आपले साजूक तूप असावे. पुढे ३१ आणि ३४ फुटांवरच्या दोन सांध्यांतून मुळे लोंबत होती, केबलने कापूनही सहा आठवड्यांत बोटभर वाढलेली. मुळांची ही जागा वरच्या बाजूला कोठे येते हे तपासनीसाने यंत्राने जमिनीवरून शोधले, तर ती जागा थेट पदपथाजवळच्या मेपलखाली निघाली. ते झाड नगरपालिकेचे असल्यामुळे ते तोडण्याचा प्रश्नच नव्हता, आणि खरे म्हणजे तोडावेसे वाटलेही नाही.

हिरवा रंग चौथ्या पन्हळीत टाकल्यावर दोनच मिनिटांत चौदाव्या फुटाजवळ, पाइपच्या कुशीतून आत आला. म्हणजे मागचे निम्मे छप्पर इतकी वर्षे आमच्याच मैलावाहिनीत रिकामे होत होते. ते तोंड सिमेंटने बंद केले आणि पन्हळीला लांब पाइप जोडून पाणी भिंतीपासून दूर हिरवळीवर सोडले.

तीन प्लंबरांकडून किमती घेतल्या. त्यातील एकाने ओव्हरहेड स्यूअर सुचवले, म्हणजे वरच्या मजल्यांचे सांडपाणी तळघराच्या छताजवळून पाइपने बाहेर न्यायचे आणि तळघरातील शौचालयाचे व मशीनचे पाणी एका बंद खड्ड्यात गोळा करून पंपाने वर चढवायचे. गटारातील पाणी कितीही चढले तरी इतक्या उंचीवर पोहोचत नाही, आणि पावसातही घरातले पाणी जात राहते, म्हणून तो सर्वांत खात्रीचा मार्ग आहे हे पटले. पण त्यासाठी तळघराची जमीन फोडून तयार खोली पुन्हा उघडावी लागली असती आणि खर्च दुपटीहून अधिक होता. ज्यांना तळघर नव्याने बांधायचे आहे त्यांनी मात्र आधी हेच करावे असे मला वाटते.

आम्ही शेवटी एकाच खड्ड्यात तीन कामे करून घेतली. खोदण्याआधी जमिनीखालच्या वाहिन्यांच्या खुणा करून देणाऱ्या सेवेला ८११ क्रमांकावर कळवले. त्यांनी येऊन गॅससाठी पिवळ्या आणि पाण्यासाठी निळ्या खुणा रंगवल्या. भिंतीबाहेर आठ फूट खोल खणून पोट आलेला तुकडा काढला आणि तेथे खडीच्या पलंगावर पीव्हीसी पाइप योग्य उतारात बसवला. त्याच जागी तपासणीच्या खड्ड्यासह बॅकवॉटर व्हॉल्व्ह आणि काकांनी सांगितलेले क्लीनआउट बसवले. त्या क्लीनआउटमधूनच पुढे मुख्य वाहिनीपर्यंत अस्तर घातले. निघालेल्या खापरी पाइपचा एक सांधा मी ठेवून घेतला आहे. बाहेरून पाहिले तर चीर शिवणीच्या दोऱ्याएवढी आहे, आणि आत मुळांची जाड वेणी.

आमच्या नगरपालिकेकडे उलट्या पाण्यापासून बचावाच्या कामात खर्चाचा काही वाटा उचलण्याची योजना आहे, हे परवाना काढायला गेल्यावर तेथील खिडकीवर कळले. त्यासाठी काम सुरू होण्यापूर्वी अर्ज करावा लागतो, म्हणून आम्ही खोदकाम दहा दिवस पुढे ढकलले. पाइपच्या दुरुस्तीला ते पैसे मिळणार नाहीत, केवळ व्हॉल्व्हला मिळतील. विम्याची जोड आमच्या पॉलिसीत नव्हती. आता घेतली आहे.

टोरांटोकरांचा अनुभव वाचून वॉशिंग मशीनच्या झाकणावर मी मराठीत आणि इंग्रजीत कागद चिकटवला आहे की बाहेर जोराचा पाऊस असेल तर मशीन लावू नये. आमची झडप अंगणात असल्यामुळे ती मिटली की नाही हे आतून दिसत नाही, तेव्हा ती मिटल्यावर घरात वाजणारी घंटा बसवता येईल का, असे प्लंबरला विचारले आहे. कोणाकडे तशी असल्यास ती पावसाळी रात्री उगीच वाजत राहते का, ते कृपया सांगावे.

टोरांटोकर

आमच्या शेजाऱ्यांकडे आहे. उगीच वाजत नाही, पण तिची बॅटरी संपत आली की पहाटे तीन वाजता चिवचिवते. बॅटरी दर वर्षी धुराच्या अलार्मबरोबर बदला.